आधी फेक, मग डिस्क

खेळाचं साहित्य घ्यायला निघालेले पालक क्रीडाशिक्षकाला पहिला प्रश्न विचारतात तो "सगळ्यांत चांगली कोणती?" हा. बॅटबद्दल, रॅकेटबद्दल, बुटांबद्दल हा प्रश्न दिल्लीत मी नोकरी सुरू केल्यापासून ऐकत आले आहे. अलीकडे तो डिस्क गोल्फच्या डिस्कबद्दलही येऊ लागला. माझं उत्तर ठरलेलं असतं : मुलाला आधी फेकू द्या. त्याचा हात कसा सुटतो, खांदा कुठे अडतो, मनगटात किती फिरकी आहे हे पाहिल्याशिवाय कुठलीच डिस्क चांगली ठरत नाही आणि वाईटही ठरत नाही. हे उत्तर ऐकायला सोपं वाटतं. त्यामागे जे पाहणं असतं, ते शिकायला मात्र मला बरीच वर्षं लागली, आणि माझ्या कामातला सर्वांत मोलाचा भाग मला तोच वाटतो.

मी शिकवते ती शाळा कस्तुरबा गांधी मार्गापासून पायी जाण्याच्या अंतरावर आहे. कनॉट प्लेसहून निघून इंडिया गेटच्या षट्कोनाला जाऊन मिळणारा हा रस्ता. जुने दिल्लीकर अजूनही त्याला कर्झन रोड म्हणतात. ब्रिटिश कौन्सिलची चार्ल्स कोरिया यांनी रचलेली इमारत याच रस्त्यावर, मॅक्सम्युलर भवन इथेच, आणि बाजूच्या हेली रोडकडे वळलं की अग्रसेन की बावलीच्या दगडी पायऱ्या. २०१३ साली नवं महाराष्ट्र सदन इथे सुरू झालं, तेव्हापासून दिल्लीतल्या मराठी कुटुंबांची या रस्त्यावरची ये-जा वाढली. मिसळ खायला आलेली आई मला ओळखून "ताई, आमच्या ओमकडे जरा बघा हो, फार मागे लागलाय त्या डिस्कच्या," असं सांगून जाते, ते याच रस्त्यावर.

अशा मोक्याच्या जागी शाळांना मोठं मैदान मिळणं अवघड. एक बास्केटबॉलचं मैदान, भिंतीलगत झाडांची रांग आणि इमारतीमागे लांबट पट्टा, एवढ्यात आमचा खेळाचा तास होतो. क्रिकेटला ती जागा पुरत नाही, फुटबॉलला तर नाहीच. डिस्क गोल्फला मात्र पुरते. झाडं अडथळा न राहता खेळाचा भाग होतात, एका वेळी चार-पाच मुलं खेळू शकतात, आणि धावण्यात मागे पडणारं मूलही इथे मागे पडत नाही. ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. गोल्फमध्ये चेंडू जसा कमीत कमी फटक्यांत खळग्यात घालायचा, तशी इथे डिस्क कमीत कमी फेकींत साखळ्या लावलेल्या बास्केटमध्ये घालायची. डिस्क जिथे पडेल तिथून पुढची फेक. आमची बास्केट आम्हीच करून घेतली : सायकलची जुनी रिम, तिला चारही बाजूंनी लोंबत्या साखळ्या, खाली तारेची टोपली आणि मध्ये लोखंडी नळी. झंडेवालान हा दिल्लीचा सायकलबाजार जवळ असल्यामुळे रिम सहज मिळाली. साखळ्यांवर डिस्क आदळली की जो खळखळाट होतो, तो ऐकण्यासाठी मुलं मधली सुट्टी सोडायला तयार असतात.

माझं स्वतःचं शिक्षण थाळीफेकीत झालं. मी मूळची कराडची. शाळेत रबरी थाळी, मग एक किलोची लाकडी थाळी लोखंडी कडेची. स्त्रियांची थाळी १ किलोची आणि साधारण १८ सेंटिमीटर व्यासाची, पुरुषांची २ किलोची आणि सुमारे २२ सेंटिमीटरची. अडीच मीटरच्या वर्तुळात दीड गरका घेऊन ती सोडायची. २०१० साली दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर राष्ट्रकुल स्पर्धेत स्त्रियांच्या थाळीफेकीत तिन्ही पदकं भारताला मिळाली, ती घटना माझ्यासारख्या थाळी फेकणाऱ्या प्रत्येकीसाठी मोठी होती. कृष्णा पुनियांनी ६१.५१ मीटर फेकून सुवर्ण जिंकलं, हरवंत कौर दुसऱ्या आणि सीमा अंतिल तिसऱ्या. १९५८ मध्ये मिल्खा सिंग जिंकले होते, त्यानंतर राष्ट्रकुलच्या अ‍ॅथलेटिक्समध्ये भारताला मिळालेलं हे पहिलं सुवर्ण. त्या तिघींच्या फेकींची चित्रफीत मी आजही मोठ्या मुलींना दाखवते. वर्तुळातला पायांचा वेग, कमरेचं वळण आणि हात सुटण्याचा क्षण, तिघींचे तीन प्रकार आहेत. पदकं एकाच स्पर्धेतली, पण शरीरं वेगळी, म्हणून फेकीही वेगळ्या.

थाळीफेकीत साहित्याची निवड फार थोडी असते. वजन नियमाने ठरलेलं. बदलू शकतं ते वजनाचं वाटप. काही थाळ्यांमध्ये बरंचसं वजन कडेला असतं, काहींमध्ये ते मध्याकडेही पसरलेलं असतं. कडेला वजन जास्त असलेली थाळी एकदा नीट फिरली की फिरकी टिकवून ठेवते आणि लांब जाते. ती नीट फिरवायला मात्र जोरदार आणि स्वच्छ सुटका लागते. नवख्या हातातून ती डगमगत निघते आणि लवकर पडते. म्हणून नवीन मुलीला आम्ही मध्याकडे वजन असलेली थाळी देतो. हे मी मोठ्या प्रशिक्षकांकडून लहानपणी ऐकलं, पण त्याचा पूर्ण अर्थ मला डिस्क गोल्फने दाखवला, कारण या खेळात निवडीला जवळजवळ मर्यादाच नाही.

त्याचं कारण या खेळाच्या इतिहासात आहे. १९५७ साली अमेरिकेतल्या व्हॅम-ओ कंपनीने उडत्या तबकड्या बाजारात आणल्या, त्याच पुढे फ्रिस्बी म्हणून जगभर गेल्या. त्याच कंपनीतल्या एड हेड्रिक यांनी तबकडीच्या वरच्या बाजूला गोल रेघा उठवून तिचं उडणं स्थिर केलं. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह इथे पहिलं कायमचं डिस्क गोल्फ मैदान उभं राहिलं, साखळ्यांची बास्केट हीही हेड्रिक यांचीच कल्पना, आणि १९७६ मध्ये त्यांनी व्यावसायिक खेळाडूंची संघटना काढली. तोवर सगळे जवळपास एकाच जातीच्या जाड कडेच्या तबकड्या फेकत होते. १९८३ मध्ये डेव्ह ड्युनिपेस यांनी उतरत्या, धारदार कडेची लहान डिस्क बनवली. ती हवा कापत जाऊ लागली आणि खेळाचं रूप पालटलं. आज एका बाजूला बास्केटजवळून टाकायच्या बोथट कडेच्या पटर, मग मध्यम अंतराच्या मिडरेंज, मग फेअरवे ड्रायव्हर आणि दुसऱ्या टोकाला रुंद पात्याच्या कडेच्या डिस्टन्स ड्रायव्हर, अशी एक लांबलचक रांग आहे. नियमांनी बांधलेलं मुख्यतः एवढं : व्यास किमान २१ सेंटिमीटर, वजन व्यासाच्या प्रत्येक सेंटिमीटरमागे ८.३ ग्रॅमपेक्षा जास्त नको, कडेची रुंदी २.६ सेंटिमीटरच्या आत. म्हणून २१ सेंटिमीटरची ड्रायव्हर साधारण १७५ ग्रॅमपर्यंतच जड असू शकते. एवढ्याशा मर्यादेत कारागिरांनी शेकडो साचे काढले आहेत.

दिल्लीत डिस्क म्हटलं की अजून बहुतेकांना अल्टिमेट आठवतं. मुलं-मुली एकाच संघात, पंच नाही, आपली चूक आपणच सांगायची, असा तो सुंदर खेळ. त्यात सगळ्यांच्या हाती १७५ ग्रॅमची एकच मोठी डिस्क असते. त्यामुळे अल्टिमेट खेळलेली मुलं माझ्याकडे येतात तेव्हा फेक चांगली असते, पण निवडायची सवय नसते. त्यांच्यासमोर मी वेगवेगळ्या डिस्क मांडते. मिनेसोटात राहणाऱ्या भाच्याने आणि शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी सुट्टीत येताना आणलेल्या या डिस्क. मुलांचे हात आपोआप सर्वांत मोठ्या आकड्याकडे जातात.

आकडे समजून घेतले पाहिजेत, कारण डिस्कवर ते छापलेले असतात आणि फसवणूकही तिथेच होते. बहुतेक डिस्कवर चार आकडे असतात : स्पीड, ग्लाइड (म्हणजे हवेत तरंगत राहणं), टर्न आणि फेड. इनोव्हा कंपनीची अ‍ॅव्हिअर ही पटर २, ३, ०, १ अशी आहे. डिस्क्राफ्टची बझ ही मिडरेंज ५, ४, उणे १, १. इनोव्हाची लेपर्ड ६, ५, उणे २, १. आणि डिस्ट्रॉयर नावाची डिस्टन्स ड्रायव्हर १२, ५, उणे १, ३. पहिला आकडा पाहून मुलाला वाटतं की १२ म्हणजे जोरात जाणारी. प्रत्यक्षात तो आकडा डिस्कचं मागणीपत्रक असतो. एवढ्या वेगाने मला फेकलंस तरच मी सांगितल्यासारखी उडेन, असं ती सांगते. जी व्यक्ती शंभर मीटरच्या आसपास फेकू शकते तिच्या हातात डिस्ट्रॉयर खुलते. सातवीतल्या मुलाने तीच फेकली की ती थोडं सरळ जाते, नाक वर करते आणि डावीकडे वळून धपकन पडते. त्याच हाताने अ‍ॅव्हिअर फेकली तर ती जास्त लांब, जास्त सरळ जाते आणि हळूच खाली उतरते. हा प्रयोग मी प्रत्येक नव्या गटाबरोबर करते. सांगण्यापेक्षा दोन्ही डिस्क पाठोपाठ फेकायला लावणं चांगलं. डिस्कचं उत्तर मुलांना माझ्या उत्तरापेक्षा लवकर पटतं.

पालकांना पटवणं जास्त अवघड. वाढत्या अंगाचा गणवेश घेण्याची आपली रीत आहे, दोन वर्षं तरी चालावा म्हणून बाह्या दुमडून घालायचा. कपड्यात ती रीत शहाणपणाची आहे. डिस्क, बॅट किंवा थाळी यांत ती मुलाचं नुकसान करते, कारण दुमडता येईल अशी बाही इथे नसते. जड, वेगवान डिस्क पेलण्यासाठी मूल खांदा उचलतं, कोपर ताणतं, शरीर मागे झुकवतं. त्या सवयी अंगात मुरल्या की नंतर योग्य डिस्क हातात दिली तरी फेक तीच वाकडी राहते. म्हणून मी पालकांना स्पष्ट सांगते की आज मुलाला जी जुळते तीच आज घ्या. पुढच्या वर्षीची पुढच्या वर्षी.

पहिला आकडा हाताच्या वेगाशी जुळवायचा, आणि त्याबरोबर पंजाही पाहायचा. ड्रायव्हरची कड रुंद असते. लहान पंज्याच्या मुलाची बोटं त्या कडेच्या आत पोचतच नाहीत, मग पकड बोटांच्या टोकांवर राहते आणि फिरकी मिळत नाही. पटरची कड अरुंद, चार बोटं आत नीट वळतात. आमच्या शाळेत पाचवी ते सातवीच्या मुलांच्या हातात मी पटरशिवाय दुसरं काही देत नाही. पटरचा एक मोठा गुण असा की ती चूक लपवत नाही. कलती सुटली तर कलतीच जाते, फिरकी कमी असेल तर थरथरते. शिक्षकाला मुलाच्या फेकीबद्दल जे कळायला हवं ते सगळं पटर सांगते.

तिसरा आणि चौथा आकडा, म्हणजे टर्न आणि फेड, यांत खरी गंमत आहे. उजव्या हाताने बॅकहँड फेकलेली डिस्क वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते. वेग जास्त असताना ती उजवीकडे कलू पाहते, तो टर्न. वेग उतरला की डावीकडे वळते, तो फेड. टर्नचा आकडा जितका उणे, तितकी ती उजवीकडे झुकते. फेडचा आकडा जितका मोठा, तितकी शेवटी डावीकडे खेचते. डावखुऱ्यासाठी हे सगळं आरशातल्यासारखं उलटं, आणि उजव्याच हाताने फोरहँड फेकली तरी उलटं, कारण फिरकीची दिशा बदलते. वर्गात हे फळ्यावर काढून दाखवलं की मुलं गोंधळतात. मैदानावर डावखुरा आणि उजवा हात शेजारीशेजारी उभे करून एकच डिस्क फेकायला लावली, की सातवीतलं मूलही समजतं.

दिल्लीच्या मुलांत एक गोष्ट मी पुन्हापुन्हा पाहिली आहे. गल्लीत क्रिकेट खेळून मोठी झालेली मुलं क्षेत्ररक्षण करताना कोपरातून, कमरेच्या उंचीवरून चेंडू फेकतात. अशांना फोरहँड लगेच जमतो, बॅकहँड मात्र पहिल्यांदा हातातून कुठेही सुटतो. त्यांचा फोरहँड जोरदार असतो, फिरकीपेक्षा ताकद जास्त. उणे टर्न असलेली डिस्क त्यांच्या हातून सुटली की उलटीपालटी होऊन जमिनीला चिकटते. त्यांना टर्न शून्याच्या जवळ आणि फेड थोडा जास्त, अशी डिस्क द्यावी लागते. ती त्यांच्या ताकदीला धरून ठेवते. याउलट नाच शिकणाऱ्या किंवा पोहणाऱ्या मुलींचा बॅकहँड बहुधा सुंदर असतो. कंबर आधी वळते, खांदा मागून येतो, हात शेवटी. वेग मध्यम, पण सुटका स्वच्छ. अशा हाताला लेपर्डसारखी उणे टर्नची हलकी डिस्क दिली की ती शेवटपर्यंत सरळ तरंगते. नववीतल्या एका मुलीला मोठ्या मुलांनी त्यांच्यासारखीच जड, जास्त फेडची डिस्क वापरायला लावली होती. तिची प्रत्येक फेक डावीकडच्या भिंतीला लागायची आणि ती म्हणायची, "मॅम, मुझसे नहीं होगा." मी डिस्क बदलली, फेकीला हात लावला नाही. तिच्या डिस्क समोरच्या झाडांमधून सरळ जाऊ लागल्या. त्या दिवसापासून मी मुलांना एक वाक्य शिकवते : डिस्क वाकडी गेली तर आधी डिस्ककडे बघ, मग स्वतःकडे.

वजनाचंही तसंच. १७५ ग्रॅमची डिस्क हातात भरीव वाटते म्हणून मोठ्यांना आवडते. पण १५० ग्रॅमची तीच डिस्क मुलाच्या हातून जास्त वेगाने सुटते आणि जास्त तरंगते. फक्त समोरून वारा असेल तर हलकी डिस्क लवकर उलटते. इथे दिल्लीची हवा मध्ये येते. समोरून येणाऱ्या वाऱ्यात डिस्कला जणू जास्त वेग मिळतो, ती जास्त कलते, म्हणून तिथे जड आणि जास्त फेडची डिस्क लागते. पाठीमागून वारा असेल तर ती कमी तरंगते आणि लवकर खाली येते, तिथे उणे टर्नची बरी. थाळीफेकीतही समोरचा वारा मदत करतो हे मला कराडपासून माहीत होतं, पण तिथे थाळी बदलायची मुभा नव्हती. इथे आहे, म्हणून मुलं वारा पाहायला शिकतात. फेकण्याआधी गवताच्या दोन काड्या हवेत सोडून त्या कुठे जातात हे बघणं आता आमच्याकडे रोजचंच आहे.

ऋतूही शिकवतात. मे-जूनमध्ये लू सुरू झाली की दुपारच्या खेळाचा प्रश्नच नसतो, सकाळी लवकर खेळतो. ४५ अंशांची हवा ५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे आठव्या हिश्शाने विरळ असते. डिस्कला उचलायला हवा कमी मिळते, ती कलतेही कमी आणि फेड लवकर घेते. म्हणून हिवाळ्यात जी डिस्क एखाद्या मुलीला बेतशीर जुळली होती, ती उन्हाळ्यात तिला जरा आडमुठी वाटते. जानेवारीत उलट अडचण : प्लास्टिक कडक होतं, बोटं गारठतात, पकड सुटते. तेव्हा मऊ प्लास्टिकची पटर बाहेर काढते. पावसाळ्यात प्रत्येकाच्या कमरेला एक फडका. आणि दिवाळीच्या आसपास हवा इतकी खराब होते की शाळेला बाहेरचे खेळ बंद ठेवावे लागतात. त्या दिवसांत वर्गातच पकडीचा सराव घेते, आणि मुलं आपापल्या डिस्कच्या कडा तपासतात. झाडांवर, भिंतींवर आपटून जुन्या झालेल्या डिस्कची कड बदलते, ती नव्यापेक्षा जास्त कलू लागते. एकच साचा, पण एक नवी आणि एक झिजलेली, अशा दोन डिस्क पिशवीत ठेवल्या की दोन वेगळ्या फेकी हाताशी येतात. पैशाची चणचण असलेल्या शाळेला हे ज्ञान फार उपयोगी.

या कामातला सर्वांत खोल धडा मला चाकाच्या खुर्चीवर बसून खेळणाऱ्या एका मुलाने दिला. बसून फेकताना पायांचा गरका नाही, कमरेचं वळण जवळजवळ नाही. सगळा जोर धडाच्या वरच्या भागातून, खांद्यातून आणि मनगटातून येतो. त्याला मी सगळ्यांत हलकी, जास्त ग्लाइड असलेली मोठ्या व्यासाची पटर दिली. फिरकी कमी पडत होती म्हणून पकड बदलली, तर्जनी कडेवर पसरवली. तो फेकत असताना दुसरी मुलं थांबून बघू लागली, कारण त्याची डिस्क जमिनीलगत, अगदी सपाट जायची आणि साखळीला अचूक लागायची. उभं राहून फेकणाऱ्यांना तेवढी अचूकता साधत नव्हती. मग मी मुलांना योगेश कथुनिया यांच्याबद्दल सांगितलं. शेजारच्या बहादुरगडचे, दिल्लीच्या किरोडीमल महाविद्यालयात शिकलेले योगेश बसून थाळी फेकतात. एफ ५६ गटात टोकियोच्या पॅरालिम्पिकमध्ये ४४.३८ मीटर आणि २०२४ साली पॅरिसमध्ये ४२.२२ मीटर फेकून त्यांनी दोन्ही वेळा रौप्यपदक मिळवलं. त्या गटात पुरुषांची थाळी १ किलोची असते. नियमानेच तिथे शरीर पाहून साहित्य ठरतं. पॅरा खेळांनी जे नियमपुस्तकात लिहिलं, ते आपण रोजच्या खेळाच्या तासाला का करू नये, असा प्रश्न माझ्या मनात तेव्हापासून ठाण मांडून आहे.

माझी पद्धत आता अशी झाली आहे. नवं मूल आलं की त्याला पटर देते आणि कुठे फेकायची हे सांगत नाही. नुसती फेक म्हणते. मी त्याच्या पाठीमागे उभी राहते, मग बाजूला. पहिल्यांदा डिस्कचं नाक बघते : ते वर उठलेलं असेल तर वेगवान डिस्क त्याला कितीही आवडली तरी सध्या नको. मग फिरकी, हवेत डिस्क किती वेळ थरथरते त्यावरून कळते. मग वेग. मग तो आपसूक कुठला हात, कुठली बाजू वापरतो. आणि शेवटी त्याचा स्वभाव. काही मुलांना लांब जायचं असतं, काहींना नेम साधायचा असतो. लांब फेकण्याची हौस असलेल्या मुलाला फक्त अचूकतेची डिस्क दिली तर ते कंटाळतं, आणि नेमाची आवड असलेल्या मुलीला ड्रायव्हर दिली तर ती हिरमुसते. स्वभावही फेकीचाच भाग आहे, त्याला मान द्यावा लागतो.

हे सगळं पाहायला वेळ लागतो, आणि शाळेत वेळच कमी असतो. चाळीस मुलं, एक तास, एक शिक्षिका. खेळाच्या साहित्याची खरेदी वर्षातून एकदा होते, यादीत "डिस्क, नग वीस" एवढंच लिहिलेलं असतं. वीसही एकसारख्या येतात. हिशोबाला ते सोपं पडतं. पण एकसारख्या वीस डिस्कमध्ये सात-आठ मुलांना जुळणारी असेल, बाकीच्यांना आपण पहिल्याच दिवशी सांगून टाकतो की हा खेळ तुमचा नाही. ही गोष्ट मला मनापासून लागते. कारण खेळाच्या तासाला जे मूल स्वतःला नालायक ठरवतं, ते पुढे आयुष्यभर मैदानापासून दूर राहतं. त्याचं शरीर तर कुठेच कमी नसतं, त्याच्या हाती चुकीची वस्तू आलेली असते.

म्हणून आता मी खरेदीच्या यादीत सविस्तर लिहिते. एकाच प्रकारच्या वीसऐवजी, हलक्या आणि मध्यम वजनाच्या पटर अर्ध्या, शून्य टर्नच्या आणि उणे टर्नच्या मिडरेंज काही, फेअरवे ड्रायव्हर दोन-तीन, आणि डिस्टन्स ड्रायव्हर एकच, तीही प्रयोगासाठी. खर्च तेवढाच येतो. मुख्याध्यापिकांना एकदा मैदानावर बोलावून त्यांच्या हातात दोन वेगळ्या डिस्क दिल्या. त्यांनी दोन्ही फेकल्या, फरक पाहिला आणि यादीवर सही केली.

जे क्रीडाशिक्षक हे वाचतील त्यांना माझं सांगणं आहे की डिस्क गोल्फ शिकवायलाच हवं असं नाही. फिनलंडसारख्या देशात हा खेळ गावोगाव पोचला, आपल्याकडे तो अजून नवा आहे, आणि कबड्डी, खो-खो यांची जागा त्याने घ्यावी असंही मला वाटत नाही. पण एका तासासाठी तरी मुलांच्या हातात दोन वेगळ्या वजनाच्या, दोन वेगळ्या कडेच्या वस्तू द्या आणि गप्प उभं राहून बघा. कोणाचं कोपर आधी वळतं, कोणाचा पाय अडतो, कोणाच्या मनगटात नकळत गती आहे, हे दिसायला लागलं की त्याच नजरेने भालाफेक बघता येते, बॅट निवडता येते, गोळा किती वजनाचा द्यायचा ते ठरवता येतं. क्रीडाशिक्षकाचं खरं साहित्य ही नजरच. ती तयार होईपर्यंत मुलाला घाई करायला लावू नये, आणि ती तयार झाली की "सगळ्यांत चांगली कोणती?" या प्रश्नाला प्रत्येक मुलासाठी वेगळं उत्तर द्यायचं धैर्य ठेवावं. तेवढं धैर्य प्रत्येक शाळेत एका तरी शिक्षकाकडे असलं, तर मैदानाच्या कडेला बसून राहणाऱ्या मुलांची रांग छोटी होईल, याची मला खात्री आहे.